होल्गाचे रोल कधी फिकट, तर कधी काळेकुट्ट का येतात: कारणे आणि उपाय

होल्गा १२० एन या प्लास्टिकच्या कॅमेऱ्यावर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एक अडचण पुन्हा पुन्हा येते. एका रोलातल्या बाराच्या बारा निगेटिव्ह काचेसारख्या फिकट निघतात, पुढच्या रोलात आकाश इतके दाट भरते की त्यातून दिव्याचा उजेडही पलीकडे येऊ नये, आणि मधूनच एखादा रोल असा सुरेख येतो की त्या वेळी नेमके काय बरोबर केले होते ते आठवत बसावे लागते. ‘खेळण्यातला कॅमेरा आहे, त्याचे असेच चालायचे’ हे उत्तर यावर नेहमी ऐकायला मिळते. मला ते मान्य नाही. चित्राच्या कडा काळवंडणे आणि मध्यभाग सोडून बाकीचे मऊ दिसणे हा या कॅमेऱ्याच्या भिंगाचा स्वभाव आहे, आणि त्यासाठीच आपण तो हाती घेतो. परंतु एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, चुकण्याचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही. ज्या कॅमेऱ्यात बदलण्याजोगे जवळपास काहीच नाही, तो दर वेळी सारखाच वागतो. बाहेरचा उजेड बदलतो, आत घातलेली फिल्म बदलते आणि रोल धुण्याची रीत बदलते. त्यामुळे दोष शोधायचा तो या तीन जागी, आणि तोही ठरावीक क्रमाने.

आधी निगेटिव्ह पाहावी

लॅबकडून आलेल्या स्कॅनवरून एक्स्पोजरचा निवाडा करू नये. स्कॅनर प्रत्येक चित्राचा उजळपणा आपल्या मनाने सावरून घेतो, त्यामुळे दोन स्टॉप कमी पडलेले आणि दोन स्टॉप जास्त झालेले चित्र (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे) पडद्यावर जवळजवळ सारखेच उजळ दिसू शकते. जाणकाराला फरक कळतो तो वेगळ्या खुणांवरून: कमी पडलेल्या चित्राच्या सावल्या करड्या, दाणेदार आणि तपशीलहीन असतात, तर जास्त झालेल्या चित्रात सावल्या भरलेल्या असतात, पण आकाश आणि पांढरे कपडे सपाट होतात. तरीही खात्रीचा मार्ग एकच आहे. निगेटिव्ह हातात घ्यावी, फोनच्या पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे आणि ती त्याच्यासमोर चार बोटे अंतरावर धरून पाहावी.

निगेटिव्हवर सगळे उलटे असते: जिथे जास्त प्रकाश पडतो, तो भाग काळा होतो. पाहताना चित्राच्या आधी फिल्मची कड पाहावी. १२० फिल्मच्या कडेला कंपनीने कारखान्यातच फिल्मचे नाव आणि आकडे प्रकाशाने उमटवलेले असतात. त्यांचा आपल्या कॅमेऱ्याशी काहीही संबंध नसतो. ते फक्त धुलाईवर अवलंबून असतात. त्यामुळे कडेची अक्षरे ठसठशीत काळी आणि चित्र मात्र फिके असेल, तर रोल नीट धुतला गेला आहे आणि कॅमेऱ्यात प्रकाश कमी पडला आहे. अक्षरे आणि चित्र दोन्ही फिकी असतील, तर डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारे रसायन, शिळा, थंड किंवा कमी वेळ दिलेला आहे. अक्षरे नेहमीसारखी आणि चित्र काळेकुट्ट असेल, तर प्रकाश जास्त झाला आहे. अक्षरेही जाड होऊन पसरलेली असतील, तर फिल्म जास्त धुतली गेली आहे. अक्षरांसकट सगळी फिल्म पारदर्शक निघाली, तर डेव्हलपरचे काम झालेलेच नाही, बहुधा फिक्सर, म्हणजे चित्र पक्के करणारे शेवटचे रसायन, आधी पडला आहे. आणि अक्षरे स्पष्ट असून चौकटी तेवढ्या कोऱ्या असतील, तर भिंगावरचे झाकण काढायचे राहिले होते. या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर भिंगातून पाहत नाही, त्यामुळे झाकण तसेच असल्याचे डोळ्याला कळतच नाही.

ही कडेची खूण मला फार उशिरा कळली. तोवर एका लॅबला मी तीन वेळा दोष देऊन आलो होतो. नंतर जुन्या निगेटिव्ह काढून पाहिल्या, तेव्हा त्या तिन्ही रोलांच्या कडेची अक्षरे स्वच्छ काळी होती आणि धुलाई निर्दोष होती.

कॅमेरा प्रत्यक्षात किती प्रकाश आत घेतो

होल्गा १९८२ मध्ये हाँगकाँगमध्ये बाजारात आला. ली टिंग-मो यांनी तो स्वस्त घरगुती कॅमेरा म्हणून घडवला होता, आणि त्याचे नाव कँटोनीजमधल्या ‘खूप उजेड’ या अर्थाच्या शब्दांवरून आल्याचे सांगतात. नाव समर्पक आहे, कारण या कॅमेऱ्याला उजेड खरोखरच भरपूर लागतो. ६० मिलिमीटरच्या भिंगावर एफ ८ असे प्रकाश आत येण्याच्या छिद्राचे माप छापलेले असते (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) आणि वरच्या खटक्यावर ढग व सूर्य अशी दोन चित्रे असतात. माहितीपत्रक सांगते की ढगावर एफ ८ आणि सूर्यावर एफ ११ मिळतो. हे आकडे धरून हिशेब केला की हिशेब चुकतो. प्रत्यक्षात ढगाच्या खुणेवर सुमारे एफ १३ एवढेच छिद्र असते, म्हणजे छापील आकड्यापेक्षा जवळजवळ दीड स्टॉप कमी.

खटक्याची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. साधारण २००९ च्या आधी बनलेल्या कॅमेऱ्यांत सूर्याची खूण निवडल्यावर जी पट्टी भिंगामागे येते, तिचे छिद्र मागच्या कायम छिद्रापेक्षा मोठे असते. म्हणजे खटका हलतो, आवाजही होतो, पण प्रकाशात काडीचाही फरक पडत नाही. दोन्ही खुणांवर एफ १३ च राहतो. नंतरच्या कॅमेऱ्यांत ही चूक सुधारली गेली आणि सूर्याच्या खुणेवर सुमारे एफ २० मिळू लागला. २०१५ मध्ये उत्पादन थांबले आणि २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाले. जुन्या बाजारातून घेतलेला कॅमेरा कोणत्या काळातला आहे हे विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसते, त्यामुळे आपल्या हातातल्या कॅमेऱ्याचा खटका खरा आहे की नुसता शोभेचा, हे स्वतःच तपासावे.

तपासणी दोन मिनिटांची आहे. कॅमेऱ्यात फिल्म नसताना मागचे झाकण पूर्ण काढावे, भिंगाच्या खालच्या बाजूची कळ ‘बी’वर, म्हणजे दांडी दाबलेली असेल तोवर शटर उघडे ठेवणाऱ्या खुणेवर, न्यावी, कॅमेरा खिडकीकडे रोखून शटरची दांडी दाबून धरावी आणि मागून छिद्राकडे पाहत दुसऱ्या हाताने खटका सूर्याकडून ढगाकडे व परत फिरवावा. छिद्र लहानमोठे होताना दिसले, तर खटका खरा आहे. काहीच बदलले नाही, तर यापुढे त्याच्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

शटरचा वेग एकच आहे, सुमारे १/१०० सेकंद. परंतु ते एका स्प्रिंगवर फिरणारे साधे पाते असल्याने प्रत्येक कॅमेऱ्यात वेग थोडा वेगळा असतो, आणि स्प्रिंग सैल पडली की तो आणखी मंदावतो. फोनवर सेकंदाला २४० चौकटी घेणारे स्लो मोशन असेल, तर त्याचा ढोबळ अंदाज घेता येतो. झाकण काढलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगासमोर दिवा ठेवावा, मागून फोनने चित्रण करत दहा वेळा शटर दाबावे आणि प्रत्येक वेळी किती चौकटींत उजेड दिसतो ते मोजावे. एक चौकट सुमारे चार मिलिसेकंदांची असते. दोन-तीन चौकटी उजळल्या तर वेग १/१०० च्या आसपास आहे, चार उजळल्या तर १/६० कडे झुकला आहे. ही मोजणी बारीक नाही, पण एक स्टॉपाची चूक तिच्यातून निसटत नाही. दहाही वेळा आकडा सारखा आला, तर कॅमेऱ्यावरचा संशय मनातून काढून टाकावा.

एक्स्पोजर ठरते ते रोल भरताना

आता मुख्य मुद्दा. ज्या कॅमेऱ्यात शटर एक आणि छिद्र एक, किंवा फार तर दोन, त्यात एक्स्पोजरचा निर्णय बटण दाबताना घ्यायला जागाच नसते. तो रोल भरतानाच घेतला जातो. फिल्मची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता सांगणारा आकडा, म्हणजे आयएसओ, १०० की ४००, हा एकच प्रश्न बाराही चित्रांचे भवितव्य ठरवतो. फिकट रोलांचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

जुना आणि सर्वांना माहीत असलेला ठोकताळा असा, की स्वच्छ उन्हात एफ १६ ठेवून शटरचा वेग फिल्मच्या आयएसओएवढा ठेवावा. ऊन मऊ असून सावलीच्या कडा पुसट असतील तर एफ ११, सावलीच पडत नसेल तर एफ ८, दाट ढग असतील तर एफ ५.६ आणि मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत एफ ४ लागतो. होल्गाचे एफ १३ आणि १/१०० या मापात बसवून पाहिले की चित्र स्वच्छ होते. आयएसओ १०० ची फिल्म भर उन्हात अर्ध्या स्टॉपाहून किंचित जास्त प्रकाश घेते, म्हणजे अगदी हवा तसा. मऊ उन्हात अर्ध्या स्टॉपाच्या आत कमी पडते, तेही चालून जाते. पण सावली न पडणाऱ्या ढगाळ हवेत जवळजवळ दीड स्टॉप कमी, दाट ढगांत अडीच स्टॉपाच्या आसपास कमी आणि झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत साडेतीनच्या आसपास कमी. हीच गणना आयएसओ ४०० वर दोन स्टॉप वर सरकते: भर उन्हात अडीच स्टॉप जास्त, ढगाळ हवेत अर्धा स्टॉप जास्त, दाट ढगांत अर्ध्याच्या आत कमी आणि सावलीत दीड स्टॉपाच्या आत कमी.

यावर निर्णय करताना निगेटिव्ह फिल्मचा स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. ती दोन-अडीच स्टॉप जास्त प्रकाश सहज पचवते. दाणा थोडा वाढतो, आकाश दाट होते, पण तपशील जागेवर राहतो आणि स्कॅन करून काढता येतो. कमी प्रकाशाच्या बाबतीत मात्र ती फार कडक आहे. एका स्टॉपापलीकडे गेले की सावलीतला तपशील नोंदलाच जात नाही, आणि जे फिल्मवर आलेच नाही ते कोणत्याही धुलाईने किंवा संगणकाने परत येत नाही. होल्गात हा तोटा दुप्पट जाणवतो, कारण भिंगाच्या स्वभावामुळे चौकटीच्या कोपऱ्यांवर मध्यापेक्षा बराच कमी उजेड पोहोचतो. मध्यभाग एक स्टॉप कमी पडला, तर कोपरे पूर्ण बुडतात. म्हणून माझे ठाम मत असे आहे, की एफ १३ च्या जुन्या कॅमेऱ्यात नेहमीची फिल्म आयएसओ ४०० चीच असावी आणि १०० ची फिल्म खात्रीच्या उन्हाच्या दिवसापुरती राखून ठेवावी.

नव्या कॅमेऱ्यात, जिथे सूर्याच्या खुणेवर खरोखर एफ २० मिळतो, तिथे हे मत आणखी पक्के होते. एफ २० वर आयएसओ १०० ची फिल्म भर उन्हातही अर्ध्या स्टॉपाहून थोडी कमीच पडते. त्याउलट ४०० ची फिल्म उन्हात सूर्याच्या खुणेवर जेमतेम दीड स्टॉप जास्त आणि ढगाळ हवेत ढगाच्या खुणेवर अर्धा स्टॉप जास्त घेते, म्हणजे खटका अखेर उपयोगी पडतो.

आषाढी वारीचा एक रोल मला या संदर्भात कायम आठवतो. आदल्या दिवशी पुण्यात लख्ख ऊन होते म्हणून मी आयएसओ १०० ची कृष्णधवल फिल्म भरली. दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढत असताना आभाळ पूर्ण भरून आले आणि भुरभुर पाऊस सुरू झाला. खटका ढगावर केला आणि तेवढ्याने भागेल असे धरून चाललो. कॅमेरा जुना होता, खटका नावापुरता होता, आणि फिल्म अडीच स्टॉप कमी पडत होती. निगेटिव्ह धुऊन झाल्यावर दिसले ते असे: पांढरी धोतरे, टोप्या आणि ओल्या रस्त्यावरची चमक उमटली होती, चेहरे, हात, टाळ, डोंगराची बाजू यांतले काहीच नव्हते. पांढऱ्या वस्तू उमटतात आणि माणसे हरवतात, हे प्रकाश कमी पडल्याचे सर्वांत स्पष्ट लक्षण आहे. पुढच्या वर्षी त्याच घाटात, तशाच हवेत, आयएसओ ४०० ची इलफर्ड एचपी ५ प्लस वापरली आणि ती ८०० ची समजून जास्त वेळ धुतली. चेहरे आले.

अशा धुलाईबद्दल, म्हणजे पुश करण्याबद्दल, एक गैरसमज दूर करायला हवा. जास्त वेळ धुतल्याने सावलीत नवा तपशील निर्माण होत नाही. मधले आणि उजळ भाग वर चढतात आणि चित्र पाहण्याजोगे होते. एचपी ५ प्लस पाणी न वाढवलेल्या आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंश सेल्सियसला ४०० साठी साडेसात मिनिटे, ८०० साठी साडेदहा आणि १६०० साठी चौदा मिनिटे धुतली जाते. वेळ अख्ख्या रोलाला लागू होतो, त्यामुळे अर्धा रोल उन्हात आणि अर्धा पावसात काढला असेल, तर पुश केल्याने उन्हातली चित्रे आणखी दाट होतात.

ज्यांना एकाच रोलात ऊन आणि ढग दोन्ही येणार हे आधीच माहीत असते, त्यांच्यासाठी इलफर्डचीच एक्सपी २ सुपर ही फिल्म मला सर्वांत योग्य वाटते. ती कृष्णधवल असली तरी रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ पद्धतीने धुतली जाते, आणि एकाच रोलावर आयएसओ ५० पासून ८०० पर्यंत कसेही एक्स्पोजर दिले तरी धुलाई तीच ठेवावी, असे कंपनीच सांगते. होल्गा उन्हापासून दाट ढगांपर्यंत जेवढा इकडेतिकडे होतो, तेवढे सगळे या पट्ट्यात मावते. लॅबमध्ये रोल देताना तो सी-४१ चा असल्याचे आवर्जून सांगावे, नाहीतर ‘ब्लॅक अँड व्हाइट’ एवढेच वाचून तो भलत्याच रसायनात जाण्याची भीती असते. स्लाइड फिल्म मात्र या कॅमेऱ्यात घालू नये; तिला अर्ध्या स्टॉपाची चूकही सोसत नाही.

उजेड जास्त असेल तेव्हा

वैशाखातल्या दुपारी ४०० ची फिल्म आत असेल, तर अडीच स्टॉपाचा भार कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे भिंगासमोर फिल्टर धरणे. कृष्णधवल फिल्मसाठी पिवळा फिल्टर सुमारे एक स्टॉप खातो आणि ढगही उठावदार करतो. नारिंगी त्याहून जास्त, तर गडद लाल सुमारे तीन स्टॉप खातो. रंगीत फिल्मसाठी दोन स्टॉपांचा करडा एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता फक्त उजेड कमी करणारा, घ्यावा. दुसऱ्या कॅमेऱ्याचा गोल फिल्टर काळ्या चिकटपट्टीने भिंगाच्या कडेला चिकटवला तरी काम होते. ज्यांचा खटका शोभेचा आहे आणि ज्यांना कॅमेरा उघडण्याची भीती वाटत नाही, त्यांनी फिल्मच्या खोबणीतले दोन स्क्रू काढून भिंगाचा भाग वेगळा करावा आणि सूर्याच्या पट्टीवर तीन मिलिमीटरचे स्वच्छ छिद्र पाडलेला काळा कागद चिकटवावा. साठाला तीनने भागले की वीस येतात, म्हणजे जवळपास एफ २० मिळतो. छिद्र पट्टीच्या बरोबर मध्यावर आले पाहिजे, नाहीतर चौकटीची एक बाजू काळी पडते.

उजेड कमी असेल तेव्हा

इथे या कॅमेऱ्याची एक उणीव गुण ठरते. होल्गाचे शटर आणि फिल्म पुढे नेण्याची चकती यांचा एकमेकांशी संबंध नसतो, त्यामुळे एकाच चौकटीवर हवे तितक्या वेळा शटर दाबता येते. दोनदा दाबले की एक स्टॉप वाढतो, चारदा दाबले की दोन, आठदा दाबले की तीन. कॅमेऱ्याच्या तळाला ट्रायपॉडचे भोक आहे. कॅमेरा घट्ट बसवावा आणि समोरची वस्तू स्थिर असावी, एवढ्या दोनच अटी. वाड्याचा दिंडी दरवाजा, दाट पावसातले देऊळ, संध्याकाळची बंद दुकाने अशा विषयांसाठी मी हीच रीत वापरतो.

किती वेळा दाबायचे हे फोनवरचे लाइट मीटर सांगते. त्यात फिल्मचा आयएसओ भरावा, छिद्र एफ १३ ठेवावे आणि ते सुचवेल तो वेळ पाहावा. उत्तर १/१०० आले तर एकदा, १/५० आले तर दोनदा, १/२५ आले तर चारदा, १/१२ आले तर आठदा. उत्तर १/४०० आले तर दोन स्टॉप जास्त होणार आहेत, आणि १/८०० च्या पुढे गेले तर फिल्टर लावावा. मीटर आकाशाकडे रोखू नये. जो भाग चित्रात महत्त्वाचा आहे, त्याच्यावरच रोखावा.

याहून अंधार असेल तर ‘बी’ वापरावे. घरातल्या दिव्याच्या उजेडात आयएसओ ४०० च्या फिल्मला एफ १३ वर साधारण अर्ध्या सेकंदाच्या पुढे लागते आणि देवळाच्या मंद गाभाऱ्यात काही सेकंद लागतात. एका सेकंदापलीकडे फिल्म आळसावते, म्हणजे उजेडाला कमी प्रतिसाद देते, हे हिशेबात धरावे लागते. एचपी ५ प्लससाठी मीटरने अडीच सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात साडेतीनच्या जवळ, आणि आठ सांगितले तर पंधरा सेकंद द्यावे लागतात. दांडी बोटाने धरून ठेवल्यास कॅमेरा हलतो. त्यापेक्षा काळे पुठ्ठे भिंगासमोर धरून दांडी दाबावी, क्षणभर थांबावे, पुठ्ठे बाजूला करून सेकंद मोजावेत आणि पुन्हा पुठ्ठे आड आणून मगच दांडी सोडावी.

फ्लॅश वापरणाऱ्यांनी त्याच्या गाइड नंबरला, म्हणजे त्याची ताकद सांगणाऱ्या आकड्याला, १३ ने भागावे. आयएसओ १०० ला २८ मीटर असलेला फ्लॅश ४०० ला ५६ होतो, म्हणजे चांगले एक्स्पोजर सव्वाचार मीटरवर मिळते. एवढे सोपे गणित कुठल्याही महागड्या कॅमेऱ्यात नसते.

एक्स्पोजरसारखे दिसणारे इतर दोष

काही रोल काळे येतात आणि त्यात एक्स्पोजरचा दोष नसतो. भिंगाखालची ‘एन’ आणि ‘बी’ची कळ पिशवीत घासून सरकते, आणि मग दांडी दाबली असेल तेवढा वेळ शटर उघडे राहते, चित्र एकाच वेळी दाटही येते आणि हललेलेही येते. दाटपणाबरोबर हालचालीचे ओघळ दिसले तर कारण हेच. ‘एन’वर ठेवून कळीवर चिकटपट्टी लावली की हा त्रास संपतो. चित्राचा क्रमांक दाखवणाऱ्या मागच्या लाल खिडकीचा बाण १६ चित्रांवर आणि आत बारा चित्रांची ६ × ६ ची चौकट असेल, तर चित्रे एकमेकांवर चढतात आणि चढलेला भाग दाट पट्टा होऊन दिसतो. कडेवरून आत पसरणारे काळे ढग म्हणजे रोल सैल गुंडाळला गेल्याची खूण आहे. फिल्म भरताना सुटत्या रिळावर अंगठ्याचा हलका दाब ठेवावा, रिळाखाली घडी घातलेले पुठ्ठे सरकवावे, आणि रोल संपल्यावर तो सावलीतच काढावा. लाल खिडकीवर काळ्या पट्टीचे झाकण लावून ते फक्त आकडा पाहताना, तेही अंगाच्या सावलीत, उघडावे.

मुदत संपलेली फिल्म वापरण्याची हौस अनेकांना असते. दर दहा वर्षांना एक स्टॉप वेग कमी होतो, असा ढोबळ ठोकताळा आहे, आणि आपल्याकडच्या उकाड्यात कपाटात पडून राहिलेल्या फिल्मची अवस्था त्याहूनही वाईट असू शकते. वीस वर्षे जुनी ४०० ची फिल्म १०० ची समजून केवळ उन्हातच वापरावी.

धुण्याच्या पाण्याकडे लक्ष

घरी रोल धुणाऱ्यांच्या दाट निगेटिव्हचे कारण पुष्कळदा नळात असते. पुस्तकांतले वेळ २० अंशांसाठी दिलेले असतात; एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीचे पाणी ३० च्या पुढे जाते. दर अंशामागे वेळ साधारण एक दशांशाने कमी करावा लागतो, आणि ३० अंशांवर तो इतका कमी होतो की डेव्हलपर समान पसरायलाही अवधी मिळत नाही. पाच मिनिटांच्या आतल्या धुलाईत आकाशावर पट्टे येतात. म्हणून उन्हाळ्यात डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून २४ अंशांपर्यंत तरी खाली आणावी, पातळ करून वापरण्याचे प्रमाण घ्यावे म्हणजे वेळ लांबतो, आणि तापमान ओतताना व काढताना असे दोनदा मोजावे.

चाचणीचा एक रोल

एवढे करूनही शंका राहिली, तर एक रोल तपासणीसाठी खर्च करावा. आयएसओ ४०० ची ताजी कृष्णधवल फिल्म घ्यावी आणि सकाळी दहानंतर, स्वच्छ उन्हात, एकाच भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या एकाच माणसाचे चित्र घ्यावे: दोन चौकटी सूर्याच्या खुणेवर, दोन ढगाच्या खुणेवर, दोन पिवळ्या फिल्टरसह. मग त्याच माणसाला सावलीत नेऊन ट्रायपॉडवरून एकदा, दोनदा, चारदा आणि आठदा शटर दाबून चार चौकटी घ्याव्यात. उरलेल्या दोन चौकटी घरात, खिडकीजवळ, ‘बी’वर घ्याव्यात आणि किती सेकंद दिले ते वहीत लिहावे. रोल पुश न करता धुवावा आणि सगळी पट्टी एकदम उजेडासमोर धरावी. सूर्य आणि ढग या चौकटींत फरक दिसला नाही तर खटक्याचा निकाल लागला. सावलीतल्या चारांपैकी ज्या पहिल्या चौकटीत माणसाच्या काळ्या केसांत बट दिसू लागते, तेवढ्या वेळा शटर दाबणे आपल्या कॅमेऱ्याला सावलीत लागते.

माझ्या कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणावर या चाचणीचा निकाल पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहिलेला आहे: ‘एफ १३, १/८०. ऊन १००. ढग ४००. सावली ४०० दोनदा.’ त्याखाली, दर वेळी खोडून नव्याने, आत कोणती फिल्म आहे ते पेन्सिलीने लिहितो.